मुलगी रेडिओकेमिस्ट्री म्हणतेय, कोणी या लाईनमधलं आहे का?

सिडकोकर_पप्पा:
नमस्कार मंडळी. मुलगी इथेच नाशकात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही धरून चाललो होतो की सातपूर-अंबडला एखाद्या फार्मा कंपनीत क्यूसीला (मालाची तपासणी) लागेल, घरचा डबा, घरची गाडी. परवा जेवताना म्हणाली, पप्पा मला युरेनियम प्लुटोनियमच्या केमिस्ट्रीत रिसर्च करायचाय. तिच्या आईचा घास हातातच राहिला. वर तिनेच कौतुकाने मार्गरीट पेरे नावाच्या बाईंची गोष्ट सांगितली, की 1929 ला मारी क्युरींकडे साधी असिस्टंट म्हणून लागली, 1939 ला फ्रान्सियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य शोधून काढलं आणि 1975 ला कॅन्सरने गेली. मी म्हटलं बाई तू समजूत घालतेयस का घाबरवतेयस? हे लॅबमधून अंगाला लागून घरी येतं का हो? उद्या लग्न, पोरंबाळं, त्याचं काय? खरं काय ते सांगा.

म्हसरूळचे काका:
तीसेक वर्षं अशाच लॅबमध्ये काढली, टेक्निशियन होतो, सायंटिस्ट नव्हे. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. रामकुंडावर दुपारी उभे राहिलात तर ऊन लागतं, सावलीत आलात की विषय संपला, हे एक्सपोजर, म्हणजे किरण नुसते अंगावर पडणं. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आपल्या रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारलीत तर रंग अंगाबरोबर घरी येतो, गाडीच्या सीटला, नळाला, टॉवेलला, आणि पुढचे चार दिवस कानामागे तसाच. हे कंटॅमिनेशन, म्हणजे किरण सोडणारा पदार्थच अंगाला चिकटणं. फक्त हा रंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आमची अर्धी नोकरी पुसण्यात गेली. काम झालं की गोल फिल्टर पेपरने टेबल पुसायचं, तो पेपर काउंटरमध्ये (किरण मोजायच्या यंत्रात) ठेवायचा, आकडा जास्त आला की परत पुसा.

एकदा मीच ग्लोव्ह घातलेल्या हाताने खिशातलं पेन काढून रीडिंग लिहिलं आणि नंतर तेच पेन उघड्या हाताने उचललं. बाहेर पडताना हातपाय तपासायच्या मशीनने बोंब मारली. कोमट पाणी आणि साबण, जोरात घासायचं नाही कारण कातडी सोलली तर आत जातं, चौथ्या धुण्याला निघालं. पेन मात्र वेस्टच्या डब्यात. बायकोने वाढदिवसाला दिलेलं, घरी अजून सांगितलेलं नाही.

प्लुटोनियममधून निघणारे अल्फा कण साध्या कागदाने अडतात, पण धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसात, हाडात बसते. म्हणून काम ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, आतला दाब बाहेरपेक्षा कमी, भोक पडलं तरी हवा आत ओढली जाते. पेरेबाईंच्या पिढीकडे हे नव्हतं, मारी क्युरींच्या वह्यांना लागलेलं रेडियम आजही तिथेच आहे, त्याचं हाफ-लाइफच, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळच, 1600 वर्षं. आता छातीवर किती किरण लागले ते मोजणारा बॅज असतो, मर्यादा पाच वर्षांत 100 मिलीसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणांचं माप), म्हणजे वर्षाला सरासरी 20. घरी बसून निसर्गातूनच जगात सरासरी 2.4 मिळतं. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की बाळासाठीची मर्यादा वेगळी, खूपच कडक, त्याप्रमाणे काम बदलून देतात.

लासलगाव_उन्हाळ:
आमच्याकडे कांद्याला कोंब येऊ नये म्हणून कोबाल्ट-60 चे गॅमा किरण द्यायचं केंद्र 2002 पासून आहे. आजी म्हणायची तो कांदा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. काकांच्या भाषेत त्या कांद्याला ऊन लागतं, रंग लागत नाही. आजीला हे असं कोणी सांगितलंच नाही.

पीएचडी_चौथं_वर्ष:
काका भारी. पप्पा, मी शेजारच्याच विषयात आहे, माती-पाण्यातलं युरेनियम. यातली मजा केमिस्ट्रीत आहे. तेच युरेनियम सहा संयुजेत (म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या रूपात) असलं तर विरघळून पाण्याबरोबर विहिरीपर्यंत जातं, चार संयुजेत असलं तर जागेवर बसून राहतं. सिझियम नावाचं दुसरं मूलद्रव्य चिकणमातीला असं धरून बसतं की सुटता सुटत नाही. 2010 ला दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-60 निघालं, एक माणूस गेला, अशा वेळी कुठे किती पसरलंय हे शोधायला माणसं लागतातच.
मला काळजी रेडिएशनपेक्षा जागांची वाटते. मोठा रस्ता म्हणजे मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल, 1957 पासून चालू आहे, पण केमिस्ट्रीला जागा थोड्या आणि मुलं ढीगभर. नाही लागलं तर पीएचडी, किरण मोजायच्या डिटेक्टरवर आपला नंबर लागायला थांबा, स्टायपेंडसाठी थांबा. तिला विचारा एवढा दम आहे का. तोवर फार्माचे इंटरव्ह्यू पण देऊ दे.

सिडकोकर_पप्पा:
सगळ्यांचे आभार. हिला रहाडीचं उदाहरण सांगितलं, ते पटलं, पण लगेच विचारते की मग पोरीचे कपडे वेगळे धुवायचे का?

म्हसरूळचे काका:
नाही हो. कोट तिथेच राहतो. पेनसुद्धा.