जीआरएस १९१५+१०५ : आलेखात दर ९८ मिनिटांनी खंड का पडतो?

प्रश्न
मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र, दुसरं वर्ष, कोल्हापूर. प्रोजेक्टसाठी गरुड तारकासमूहातलं जीआरएस १९१५+१०५ हे कृष्णविवर घेतलंय. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाचा २०१७ मधला डेटा उतरवून घेतला, १०० सेकंदांचे बिन (वेळेचे तुकडे) करून प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, काढला. रेघ बऱ्यापैकी सपाट येते, पण मध्येच तुटते. पंचवीस-तीस मिनिटं काहीच नाही, मग पुन्हा सुरू. एका खंडापासून पुढच्या खंडापर्यंत मोजलं तर साधारण ९८ मिनिटं. जोडीतला तारा कृष्णविवराच्या आड येत असेल का?

उत्तर १
असू शकेल. हर्क्युलिस एक्स-१ या दुसऱ्या एका जोडीत दर १.७ दिवसांनी ग्रहण लागतं. तिथे न्यूट्रॉन तारा आहे, पण तत्त्व तेच.

उत्तर २
ग्रहण नाही. या जोडीला एकमेकांभोवती फिरायला जवळपास ३४ दिवस लागतात, त्यामुळे ९८ मिनिटांचा त्या ताऱ्याशी संबंध लावता येत नाही. शिवाय या जोडीत ग्रहण कधी दिसलेलं नाही.

९८ मिनिटं हा अ‍ॅस्ट्रोसॅटचा स्वतःचा फेरा आहे गं. उपग्रह ६५० किलोमीटरवरून फिरतो, प्रत्येक फेऱ्यात पृथ्वी मध्ये येते आणि स्रोत दिसेनासा होतो. काही फेऱ्यांत दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्याची कड लागते, तेवढा वेळही वगळावा लागतो. मीही पहिल्यांदा असाच खंड पाहून दोन दिवस वहीत कक्षेची गणितं मांडत बसले होते. त्यामुळे तू खंडांमधलं अंतर मोजलंस हे मला फार आवडलं. उत्तर त्या आकड्यातच होतं.

आता महत्त्वाचं. १०० सेकंदांचा बिन घेऊ नकोस. या कृष्णविवराची एक अवस्था आहे, तिला हृदयाचे ठोकेच म्हणतात. विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीचा आतला भाग तापत जातो, प्रारणाचा दाब वाढतो, तेज एकदम चढतं, आतलं द्रव्य रितं होतं आणि बाहेरून पुन्हा हळूहळू भरत येतं. हे सगळं मिनिटभरात, कधी थोडं जास्त. तुझ्या एका बिनमध्ये अख्खा ठोका बुडून जातो, म्हणून रेघ सपाट. डिटेक्टर प्रत्येक फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतो. ती बारकाई हाताशी असताना वाया कशाला घालवायची? १ सेकंदाचा बिन घे. तीन डिटेक्टरांपैकी लॅक्सपीसी-२० चाच डेटा वापर, कारण लॅक्सपीसी-३० मध्ये वायुगळतीमुळे गेन (सिग्नल किती पटीने मोठा होतो ते प्रमाण) सरकत होता.

माझा जीव या स्रोतात अडकलाय त्याचं कारणही सांगते. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ वर आपल्याकडचा छोटा क्ष-किरण प्रयोग गेला होता, त्यानेही याच स्रोताचे असे नियमित उद्रेक टिपले होते. वीस वर्षांनी आपल्याच मोठ्या दुर्बिणीने तेच ठोके पुन्हा मोजले. विवराचं वस्तुमान सूर्याच्या बारापट, अंतर जवळपास २८ हजार प्रकाशवर्षं, आणि मिनिटामिनिटाचे बदल आपल्याला मोजता येतात.

प्रश्नकर्ती
ताई, खूप आभार! १ सेकंदाचा बिन घेतला. पहिल्या सलग तुकड्यातच शिखरं दिसली: चढ सावकाश, टोकाला दोन बारीक सुळके, मग एकदम उतार. पट्टीने मोजलं तर दोन शिखरांत ६० सेकंदांच्या आसपास अंतर येतं. रूममेटला उठवून दाखवलं. आता पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती चढउतार, याचा आलेख) काढू का? या स्रोतात ६७ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६७ वेळा होणारं, स्पंदन दिसतं असं वाचलंय.

उत्तर २
काढ, पण त्यासाठी बिन ७ मिलिसेकंदांपेक्षा लहान हवा, नाहीतर ६७ हर्ट्झ दिसणारच नाही. आणि ते प्रत्येक निरीक्षणात सापडत नाही. नाही आलं तर तसंच लिही. खंड ओलांडून तुकडे जोडू नकोस, प्रत्येक सलग तुकड्याचा स्पेक्ट्रम वेगळा काढून मग सरासरी घे.