शब्दचर्चा : चेल्वनायकम यांचा ‘अरसु’ पक्ष, ‘समष्टी’ आणि ‘अल्पसंख्याक’

रानजाई
श्रीलंकेच्या संसदेत तमिळांची बाजू आयुष्यभर मांडणारे एस. जे. व्ही. चेल्वनायकम (१८९८–१९७७) यांच्यावरचा एक दीर्घ लेख मराठीत आणते आहे. तीन शब्दांपाशी गाडी अडली आहे.

पहिला त्यांच्या पक्षाच्या नावातला. इंग्रजीत ‘फेडरल पार्टी’, तमिळमध्ये ‘इलंगै तमिळ अरसुक् कट्चि’. इंग्रजीवरून मराठी केलं तर ‘संघराज्य पक्ष’ होतं, तमिळवरून केलं तर ‘लंका तमिळ राज्य पक्ष’. ही एकाच पक्षाची नावं आहेत असं वाचणाऱ्याला वाटणारच नाही.

दुसरा ‘समष्टि’. श्रीलंकेतल्या तमिळमध्ये ‘फेडरल’साठी हाच शब्द चालतो. आपल्याकडे तो तसाच ठेवता येईल का?

तिसरा ‘मायनॉरिटी’. मी सगळीकडे ‘अल्पसंख्याक’ लिहिलं आहे. पण चेल्वनायकम यांना आपल्या लोकांसाठी हा शब्द पुरेसा वाटत नसावा, असं वाचताना सारखं जाणवतं. तिथे काय करावं?

पेरंबूरकर
बरीच वर्षं चेन्नईत आहे, तमिळ वाचता येतं, म्हणून ‘अरसु’पुरतं लिहितो.

‘अरसु’ म्हणजे राज्य, शासन, सरकार. इथे सरकारी दवाखान्याच्या पाटीवर ‘अरसु मरुत्तुवमनै’ असतं, सरकारी शाळेवर ‘अरसु पळ्ळि’. तमिळनाडू सरकार म्हणजे ‘तमिळ्नाडु अरसु’. त्यामुळे ‘तमिळ अरसु’ ऐकल्यावर तमिळ माणसाला लगेच वेगळा देश आठवतो असं नाही. तमिळांचं शासन, तमिळांच्या हातातला कारभार, असंही ते ऐकू येतं. मराठीतला ‘राज्य’ बराचसा असाच वागतो. ‘महाराष्ट्र राज्य’ म्हणताना कुणाच्या मनात फुटून निघण्याचा विचार येत नाही, आणि ‘हिंदवी स्वराज्य’ म्हणताना स्वतंत्र राज्यच डोळ्यापुढे येतं. शब्द तोच.

पक्ष स्थापन झाला १८ डिसेंबर १९४९ रोजी, कोलंबोत. चेल्वनायकम यांची तेव्हाची मांडणी स्पष्ट होती : एक देश, त्यात तमिळभाषक भागाचं स्वायत्त घटकराज्य. म्हणून मी ‘तमिळ राज्य पक्ष’ लिहीन. ‘संघराज्य पक्ष’ म्हटलं की नावातून ‘तमिळ’च गळून पडतं, आणि तमिळ मतदार तर हेच नाव घेऊन मत देत होता.

आडवाट
‘राज्य’ ठेवलं तर सिंहली विरोधकांचाच आरोप मराठीत येईल, असं नाही वाटत? ‘इंग्रजीत फेडरल म्हणता आणि तमिळमध्ये वेगळं राज्य मागता’ हे ते पहिल्यापासून म्हणत आले आहेत.

आणि ‘समष्टी’ला माझा ठाम विरोध. मराठीत समष्टीची जोडी व्यष्टीशी. व्यक्ती एकीकडे, समाज दुसरीकडे. ‘समष्टी शासन’ वाचून कुणालाही सामूहिक शेती किंवा अध्यात्म आठवेल, घटकराज्यं आठवणार नाहीत. इथे सरळ ‘संघराज्य’ लिहा. तमिळनाडूतही बहुधा वेगळाच शब्द आहे ना?

पेरंबूरकर
हो, इकडे ‘कूट्टाट्चि’. ‘कूट्टु’ म्हणजे एकत्र, ‘आट्चि’ म्हणजे राज्यकारभार. ‘समष्टि’ ही श्रीलंकेची सवय. ‘समष्टी’बद्दल तुमच्याशी सहमत. फक्त एखाद्या भाषणाचा किंवा ठरावाचा उतारा देताना, तिथे मूळ शब्द हा आहे एवढं एकदा सांगावं.

दस्तऐवज
तिसऱ्या शब्दावर लिहितो, कारण लेखाचा जीव मला तिथे दिसतो. जरा लांबेल.

चेल्वनायकम १९४७ साली उत्तरेतल्या, जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैमधून निवडून आले ते जी. जी. पोन्नंबलम यांच्या तमिळ काँग्रेसकडून. पोन्नंबलम यांची मागणी ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणून ओळखली जाते : प्रतिनिधिगृहातल्या निम्म्या जागा बहुसंख्य सिंहलींना, निम्म्या बाकीच्या सगळ्यांना. या मागणीचा सगळा पायाच ‘अल्पसंख्याक’ होता. संख्येने कमी आहोत, म्हणून जागांचं संरक्षण द्या. स्वातंत्र्याच्या वेळच्या, म्हणजे सोलबरी राज्यघटनेने ती मागणी मानली नाही. त्याऐवजी कलम २९ दिलं. कोणत्याही एका जमातीवर किंवा धर्मावर इतरांवर नसलेली बंधनं लादणारा, किंवा एखाद्या जमातीला खास सवलत देणारा कायदा संसदेला करता येणार नाही, असं ते कलम.

पुढच्याच वर्षी, १९४८ ला, नागरिकत्वाचा कायदा आला. चहाच्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या, मूळच्या भारतातून नेलेल्या तमिळांचं नागरिकत्व त्याने गेलं. लाखो माणसं. मागोमाग मतदानाचा हक्कही गेला, आणि १९५२ च्या निवडणुकीत त्यांचा एकही प्रतिनिधी सभागृहात पोचला नाही. कलम २९ चा आधार घेऊन लोक थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. १९५३ च्या निकालात कायदे वैध ठरले. कायद्यात कोणत्याही जमातीचं नाव नव्हतं. नागरिकत्वाच्या अटी सर्वांना सारख्याच लिहिल्या होत्या. त्या अटींत नेमकं कोण बसत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

चेल्वनायकम यांनी पोन्नंबलम यांची साथ सोडली ती या काळात. पोन्नंबलम मंत्रिमंडळात गेले, हे बाहेर पडले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : आज मळ्यांवरच्या तमिळांची पाळी आहे, उद्या भाषेचा प्रश्न येईल तेव्हा आपली येईल. लक्षात घ्या, मळ्यांवरचे हे मजूर त्यांचे मतदार नव्हते. जाफन्याचा सुशिक्षित तमिळ आणि डोंगरातला मळ्यावरचा मजूर यांच्यात प्रदेश, जात, वर्ग असं सगळंच अंतर होतं. त्यांच्यासाठी स्वतःच्या नेत्याशी फारकत घेणारा हा माणूस धर्माने ख्रिस्ती होता, आणि बहुतांशी हिंदू मतदारसंघाने त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. १९५२ ला तो हरला, हेही खरं. १९५६ पासून मात्र कांकेसंतुरैने त्याला सोडलं नाही.

संरक्षक कलम घटनेत असूनही दहा लाखांच्या घरातली जमात मतदार याद्यांतून बाहेर जाऊ शकते, हे पाहिल्यावर ‘आम्ही अल्पसंख्याक, आम्हाला सांभाळा’ या भाषेवरचा त्यांचा विश्वास उडाला. तिथून पुढे त्यांच्या पक्षाची भाषा बदलते. तमिळ हे लहान संख्येचे लोक नाहीत, ते स्वतःची भाषा आणि सलग प्रदेश असलेले राष्ट्रक (‘नॅशनॅलिटी’) आहेत, असं ती भाषा सांगते. तमिळमध्ये ‘सिरुपान्मै’ म्हणजे अल्पसंख्याक, आणि ‘देसिय इनम्’ म्हणजे हे दुसरं. लेखात कोणता शब्द कुठे आहे ते तपासून घ्या. जिथे सरकार किंवा कायदा बोलतो तिथे ‘अल्पसंख्याक’, जिथे चेल्वनायकम बोलतात तिथे ‘राष्ट्रक’.

आडवाट
‘राष्ट्रक’ फार पुस्तकी होतोय. ‘लोकसमूह’ चालणार नाही?

दस्तऐवज
नाही चालणार, कारण त्यात हक्क नाही. लोकसमूह कुठलाही असतो. ‘राष्ट्रक’ कानाला खटकेल, पण त्यामागचा दावा येतो. आणि हा दावा सभागृहात किती महागात पडला ते पाहिलं की शब्द मवाळ करावासा वाटत नाही.

एक करार पाहा. २६ जुलै १९५७ चा, पंतप्रधान बंडारनायके आणि चेल्वनायकम यांच्यातला करार. आदल्या वर्षी ‘फक्त सिंहली’ हा राजभाषेचा कायदा झालेला. करारात प्रादेशिक परिषदा होत्या, त्या प्रदेशांत जमीन देण्याचे आणि वसाहतींसाठी माणसं निवडण्याचे अधिकार परिषदांना होते, आणि तमिळला मान्यता होती ती ‘सीलोनमधल्या (म्हणजे श्रीलंकेतल्या) राष्ट्रीय अल्पसंख्याकांची भाषा’ म्हणून. ‘नॅशनल मायनॉरिटी’ असे शब्द आहेत. पंतप्रधानांना ‘अल्पसंख्याक’ हवं होतं आणि समोरच्याला ‘राष्ट्र’, दोन्ही शेजारी शेजारी बसवले. माझ्या मते चेल्वनायकम यांच्या संसदीय कामातला हा सर्वांत कसबी क्षण आहे. संघराज्य मिळालं नाही, सिंहलीचं राजभाषापण रद्द झालं नाही, तरी त्यांनी सही केली आणि ठरलेला सत्याग्रह मागे घेतला. जे मिळेल ते पदरात पाडून पुढे जाणारा वकील त्यात दिसतो.

वर्ष पुरं व्हायच्या आत, ९ एप्रिल १९५८ ला, बौद्ध भिक्षूंनी पंतप्रधानांच्या रोझमीड प्लेसवरच्या घरापुढे ठाण मांडलं आणि करार मोडल्याचं लेखी घेऊनच ते उठले. १९६५ ला, त्याच वेळी पंतप्रधान झालेल्या डडली सेनानायके यांच्याशी दुसरा करार झाला, जिल्हा परिषदांचा. तोही १९६८ पर्यंत बारगळला.

रानजाई
हे फार उपयोगी आहे. १९५६ चा प्रसंग लेखात आहे, तिथेही एक शब्द विचारायचा होता. ५ जूनला संसदेत भाषेचं विधेयक आलं त्या दिवशी चेल्वनायकम आणि त्यांचे सहकारी गॉल फेसच्या मैदानावर, संसदेच्या जवळच, सत्याग्रहाला बसले. जमावाने त्यांना मारहाण केली. पक्षाचे खासदार अमृतलिंगम यांचं डोकं फुटलं आणि डोक्याला पट्टी बांधलेले ते तसेच सभागृहात गेले. लेखात या बसण्याला इंग्रजीत ‘सिट-इन’ म्हटलंय. मी ‘धरणं’ लिहिलं होतं.

पेरंबूरकर
तिथे ‘सत्याग्रह’च ठेवा. त्यांनी स्वतः तोच शब्द वापरला, तमिळमध्येही तोच रूढ आहे. ‘धरणं’ म्हटलं की पगारवाढीची मागणीही चालते.

आणखी एक जागा येईल. १९६१ च्या फेब्रुवारीत जाफन्यात सरकारी कामकाज रोखणारा सत्याग्रह झाला तो ‘कच्चेरी’समोर. आपली ‘कचेरी’च ती. फक्त श्रीलंकेत कच्चेरी म्हणजे जिल्ह्याचं मुख्य सरकारी कार्यालय, आपल्या कलेक्टर कचेरीसारखं. तेव्हा बिनधास्त ‘कचेरी’ लिहा. फाटकापुढे माणसं आडवी झोपली होती, अधिकाऱ्यांना आत जाता येईना. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःची टपालसेवा सुरू केली, ‘तमिळ अरसु’ची तिकिटं छापून. त्यावर आणीबाणी लागली आणि चेल्वनायकम यांच्यासह सगळे नेते स्थानबद्ध झाले. बघा, पक्षाच्या नावातला ‘अरसु’ तिकिटावर छापला गेला तेव्हा सरकारने तो ‘वेगळं राज्य’ असाच वाचला. म्हणून हा शब्द भाषांतरात पुसू नका.

आडवाट
म्हणजे माझी शंका बरोबरच निघाली की. शब्द दोन अर्थांचा आहे आणि विरोधक दुसरा अर्थ धरणार.

दस्तऐवज
धरलाच. आणि थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. २०१४ साली श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयात या पक्षाविरुद्ध अर्ज झाला, की पक्षाचा हेतू वेगळं राज्य हाच आहे. १९८३ च्या सहाव्या घटनादुरुस्तीनंतर असा हेतू बाळगायला तिथे बंदी आहे. पक्षाच्या घटनेतल्या तमिळ शब्दांचा कीस काढला गेला. ४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अखंड देशात संघराज्य मागणं म्हणजे फुटून निघणं नव्हे, आणि हा पक्ष संघराज्यच मागतो आहे. चेल्वनायकम जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर हे न्यायालयाकडून मिळालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या घटनेसाठीच्या सुकाणू समितीचा अंतरिम अहवाल आला. समितीत याच पक्षाचे खासदार एम. ए. सुमंतिरन होते. अहवालात देशाचं वर्णन सिंहलीत ‘एकीय राज्य’ आणि तमिळमध्ये ‘ओरुमित्त नाडु’ असं सुचवलं. ओरुमित्त म्हणजे एकत्र आलेला, अखंड. एककेंद्री सत्तेसाठीचा नेहमीचा तमिळ शब्द ‘ओट्रैयाट्चि’ त्यांनी टाळला. इंग्रजी मसुद्यातही ‘युनिटरी’ न घालता हेच दोन शब्द ठेवले आणि खाली व्याख्या दिली. दक्षिणेला (सिंहलींना) ‘फेडरल’ची भीती वाटते आणि उत्तरेला (तमिळांना) ‘युनिटरी’ची, म्हणजे एककेंद्रीची, असं राष्ट्राध्यक्ष म्हणाल्याचा उल्लेख त्या अहवालातच आहे. यावर दोन्हीकडून टीका झाली आणि ती घटना पुढे आलीच नाही. पण १९५७ च्या ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ची आठवण व्हावी असंच हे काम होतं.

रानजाई, हा भाग लेखात असेल तर ‘एकीय’साठी ‘एकात्म’ लिहू नका. मराठीत एकात्म म्हणजे मनाने एक झालेला. ‘एककेंद्री’ बरा.

रानजाई
हो, तो भाग शेवटी आहे. मग असं करते : पक्षाचं नाव पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण तमिळ नाव, पुढे सगळीकडे ‘तमिळ राज्य पक्ष’, आणि इंग्रजीत तो ‘फेडरल’ म्हणून ओळखला जाई असं एक वाक्य. ‘समष्टी’ नाही. ‘राष्ट्रक’ त्यांच्या तोंडी, ‘अल्पसंख्याक’ कायद्याच्या तोंडी.

१९७२ नंतरचा भाग आता भाषांतराला घेते आहे. नव्या घटनेतून कलम २९ गेलं, बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं, आणि चेल्वनायकम यांनी राजीनामा देऊन ‘याच प्रश्नावर पोटनिवडणूक घ्या’ म्हणून सरकारला आव्हान दिलं. ती निवडणूक १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत घेतलीच नाही. कंपवाताने थकलेला, कमी ऐकू येणारा हा माणूस तोवर थांबला आणि मोठ्या मताधिक्याने निवडून आला. नंतर १९७६ च्या वट्टुकोट्टै ठरावात वेगळ्या राज्याची मागणी आहे. तिथेही ‘अरसु’ आला तर?

पेरंबूरकर
तिथे ‘स्वतंत्र राज्य’ स्पष्ट लिहा. त्या ठरावात दोन अर्थ उरलेले नाहीत.

आडवाट
एक विचारतो. मळ्यांवरच्या लोकांसाठी लेखात काय शब्द आहे? ‘इंडियन तमिळ’ असेल तर मराठीत ‘भारतीय तमिळ’ होईल, आणि वाचणाऱ्याला ते चेन्नई-मदुरैचे वाटतील.

पेरंबूरकर
‘भारतीय’ नकोच. श्रीलंकेच्या जनगणनेत तो शब्द आहे, पण त्या समाजात आता ‘मलैयग तमिळर’ म्हणवून घेण्याचा आग्रह आहे. मलैयगम म्हणजे डोंगराळ मुलूख. १९६४ च्या सिरिमाओ–शास्त्री करारात (श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमाओ बंडारनायके आणि आपले लालबहादूर शास्त्री) दोन सरकारांनी त्यांची वाटणी केली : सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख श्रीलंकेने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. उरल्यासुरल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सुटला. ज्यांना ‘तुम्ही भारतीय’ म्हणून मतदार यादीतून काढलं, त्यांना आपण मराठीत पुन्हा भारतीय म्हणू नये. ‘मलैयग तमिळ’ लिहा आणि पहिल्या वेळी ‘चहामळ्यांच्या डोंगरी मुलखातले’ एवढं जोडा.