काळ-काम-वेग: एकाच गणिताची तीन उत्तरं, चुकतंय कुठे?

सातवीची_आई
नमस्कार मंडळी, काल रात्रीपासून एका गणितावरून घरात वादावादी चालू आहे. गणित असं, अ ला एक काम एकट्याने करायला 12 दिवस लागतात, ब ला तेच काम करायला 18. दोघं मिळून कामाला लागले पण काम पूर्ण व्हायच्या 3 दिवस आधी अ सोडून गेला, तर काम एकूण किती दिवसांत झालं?

लेकीचं उत्तर आलं साडेतेरा दिवस. मी म्हटलं थांब मी दाखवते, आणि आमच्या वेळचं पाठ केलेलं सूत्र काढलं, गुणाकार भागिले बेरीज. 12 गुणिले 18 म्हणजे 216, भागिले 30, आले 7.2, त्यात शेवटचे 3 मिळवले, झाले 10.2. मोठ्या ऐटीत पुस्तकाचं मागचं पान उघडलं तर तिथे 9! आता पोरगी म्हणतेय आई तुलाही येत नाही. तर नुसतं उत्तर नकोय, ते छापलेलंच आहे, स्टेप बाय स्टेप सांगा आणि आम्हा दोघींचं नक्की कुठे बिनसलं तेही सांगा प्लीज.

अर्धा_खडू
ताई आधी ते सूत्र बाजूला ठेवा, ते दोघं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असतील तरच चालतं, इथे तसं नाहीये.

12 आणि 18 चा लसावि काढा, 36. आता समजा कामाचे 36 सारखे तुकडे आहेत. अ ते 12 दिवसांत संपवतो म्हणजे रोज 3 तुकडे, ब 18 दिवसांत म्हणजे रोज 2. अपूर्णांक गेले, आता सगळे साधे आकडे.

आता कागदावर एक आडवी रेघ मारा, डावं टोक काम सुरू, उजवं टोक काम संपलं. उजव्या टोकाकडून 3 दिवस मागे या आणि तिथे खूण करा, अ इथे गेला. म्हणजे खुणेच्या उजवीकडे ब एकटा, 3 दिवस × 2 = 6 तुकडे. उरले 36 − 6 = 30, ते खुणेच्या डावीकडे दोघांनी मिळून केले, रोज 3 + 2 = 5 या दराने, 30 ÷ 5 = 6 दिवस. 6 + 3 = 9. पडताळा घ्याच, अ ने 6 दिवस काम केलं म्हणजे 18 तुकडे, ब ने 9 दिवस म्हणजे 18, बेरीज 36, बरोबर.

लेकीचं म्हणाल तर तिने बहुतेक "3 दिवस आधी" हे "3 दिवसांनी" असं वाचलं. बघा, पहिले 3 दिवस दोघं, 15 तुकडे झाले, उरले 21, ब एकटा साडेदहा दिवस, एकूण साडेतेरा. म्हणजे हिशोबात एकही चूक नाही, पोरीने फक्त दुसरंच गणित सोडवलं, तिला रागवू नका. तुमचं मात्र थोडं जास्त चुकलंय हो 😄 7.2 दिवसांत दोघांनी 36 च्या 36 तुकडे संपवले, मग पुढचे 3 दिवस ब काय करत बसला?

क्ष_मानूया
लसावि छान आहे पण परीक्षेत समीकरणाची रीत मागितली असेल तर ती पण यायला हवी, माझ्या भाच्याचे उत्तर बरोबर असून अर्धे मार्क कापले होते त्याच्या बाईंनी, रीत दाखवली नाही म्हणून.

एकूण दिवस क्ष मानू. ब पूर्ण क्ष दिवस राबला, अ (क्ष − 3) दिवस. एका दिवसात अ कामाचा 1/12 भाग करतो, ब 1/18.
(क्ष − 3)/12 + क्ष/18 = 1
सगळ्याला 36 ने गुणलं की
3(क्ष − 3) + 2क्ष = 36
3क्ष − 9 + 2क्ष = 36
5क्ष = 45, क्ष = 9

तिसऱ्या ओळीकडे नीट बघायला सांगा, तिथे मुलं हमखास 3क्ष − 3 लिहितात, कंसाबाहेरचा 3 आतल्या 3 ला लावायचा राहतो आणि मग उत्तर 7.8 येतं. आणि उजवीकडचा 1 म्हणजे "एक पूर्ण काम" हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायला लावा, बऱ्याच जणांना तो 1 कुठून टपकला तेच कळलेलं नसतं.

अर्धा_खडू
मान्य, पण तुमच्या 36 ने गुणण्यात लसाविच लपलाय हे पण मान्य करा 🙂

पाटी_पुसा
तिसरी रीत, मला हीच आवडते. समजा अ गेलाच नाही, शेवटपर्यंत थांबला. तर त्या 3 दिवसांत त्याने जास्तीचे 9 तुकडे केले असते, म्हणजे तेवढ्याच दिवसांत 36 + 9 = 45 तुकडे झाले असते, 45 ÷ 5 = 9, संपलं.

आणि दर काढून बेरीज करायची ही युक्ती आजची नाही बरं का, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) असंच एक गणित आहे, चार झरे एक विहीर वेगवेगळे भरले तर अनुक्रमे 1 दिवस, अर्धा दिवस, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश दिवस घेतात, चारही एकदम सोडले तर किती वेळ? दिवसभरात 1 + 2 + 3 + 6 = 12 विहिरी भरतील, म्हणून एक विहीर 1/12 दिवसात. दिवसांची बेरीज करायची नाही, एका दिवसाच्या कामाची करायची.

अजून एक, सोडवायच्या आधी अंदाज बांधायची सवय लावा. अ शेवटपर्यंत असता तर 7.2, तो नाही म्हणजे उत्तर त्याहून जास्तच, आणि 10.2 हून कमीच कारण 7.2 दिवस दोघं राबले तर काम उरतच नाही. साडेतेरा तिथेच बाद झालं असतं.

सातवीची_आई
बाप रे, किती छान समजावलंत सगळ्यांनी! रेघ मारल्यावर लेक लगेच म्हणाली अगं मी उलट्या बाजूने 3 मोजले. आता तिनेच आकडे बदलून दोन गणितं बनवली, एकात अ 2 दिवस आधी गेला, दुसऱ्यात अ राहिला आणि ब 3 दिवस आधी गेला. दोन्हीचं उत्तर 8.4 येतंय. ती म्हणते माझं परत चुकलं, दोन वेगळ्या गणितांचं उत्तर एकच कसं?

पाटी_पुसा
नाही चुकलं, दोन्ही बरोबर! अ रोज 3 करतो, तो 2 दिवस नव्हता, बुडाले 6 तुकडे. ब रोज 2 करतो, तो 3 दिवस नव्हता, बुडाले 6च. दोन्हीकडे 42 ÷ 5. आता तिला विचारा, अ किती दिवस आधी गेला आणि ब किती दिवस आधी गेला तर पुन्हा असंच एक उत्तर येईल, अशी अजून एक जोडी शोध म्हणावं.

सातवीची_आई
4 आणि 6 म्हणतेय, दोन्हीकडे 9.6. आणि जेवायला ये म्हटलं तर ऐकत नाहीये 😅