नवा ब्लॅक बेल्ट आणि हाती आलेला मुलांचा वर्ग : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी बडोद्याची. आठ वर्षे शोतोकान शैलीचे कराटे शिकते आहे. गेल्या मार्चमध्ये शोदानची, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टची, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महिनाभरातच आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, दांडिया बाजारातला संध्याकाळचा वर्ग माझ्याकडे सोपवला. सकाळचा वर्ग आणि बेल्टच्या परीक्षा ते स्वतःकडेच ठेवून आहेत. संध्याकाळी २४ जण येतात. त्यांतली २१ मुले ७ ते १३ या वयातली, उरलेले तिघे प्रौढ, आणि त्या तिघांतले एक काका ५८ वर्षांचे आहेत. चार महिने शिकवून झाल्यावर माझी खात्री पटली आहे की मला कराटे येते, पण शिकवता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण हेइआन शोदान या काताची, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या संचाची. तो २१ हालचालींचा आहे आणि माझ्या इतका अंगवळणी पडला आहे की कोणती हालचाल कोणत्या दिशेला, हे मला करून पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. मुलांकडे तोंड करून उभी राहिले आणि पहिल्या गेदान-बाराईसाठी (हात खाली झटकून वार अडवणे) डावीकडे वळले की अर्धी मुले ‘डावीकडे’ हा माझा शब्द ऐकून आपल्या डावीकडे वळतात आणि उरलेली अर्धी माझ्याकडे बघून मी गेले त्या बाजूला, म्हणजे त्यांच्या उजवीकडे. मागच्या आठवड्यात अशीच दोन मुले एकमेकांसमोर आली आणि पुढच्या ओइ-झुकीत (पाऊल पुढे टाकून मारलेला ठोसा) एकाची मूठ दुसऱ्याच्या कानाला लागली. फारसे लागले नाही, पण त्याची आई दारातच उभी होती. मुलांकडे पाठ फिरवून दाखवावे, तर मागे काय चालले आहे ते दिसत नाही. एकदा वळून पाहिले तेव्हा दोघे खिडकीच्या कट्ट्यावर बसून गंमत बघत होते. शिवाय तिसऱ्या आगे-उकेनंतर (हात वर उचलून वार अडवणे), किआई म्हणजे जोराची आरोळी झाल्यावर, जे २७० अंशांचे वळण येते, त्या वेळी मी कशीही उभी असले तरी मुलांना दिसतच नाही. मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो आणि एकाची चूक सगळ्या रांगेची होते.

दुसरी अडचण माझ्या स्वभावातली आहे. मला चुका फार दिसतात. परवा एका नऊ वर्षांच्या मुलीला झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवून लांब पावलात उभे राहणे) उभी असताना मी एका दमात मागची टाच टेकव, पुढचा गुडघा आत पडू देऊ नकोस, हिकितेची (मागे खेचलेल्या हाताची) मूठ कमरेशी आण, खांदे सैल सोड असे सांगितले. ती तशीच गोठून उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, आता आधी काय करू?” मला उत्तर सुचले नाही.

तिसरा प्रश्न काकांचा. सभागृहाला कोटा फरशी आहे आणि मॅट थोड्याच, त्या मुलांना द्याव्या लागतात. मावाशी-गेरी, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची लाथ, मारताना टेकलेला पाय पंज्यावर फिरायला हवा. काकांचा तो फिरत नाही, त्यामुळे सारा पीळ गुडघ्यात उतरतो. वयाने एवढ्या मोठ्या माणसाला ‘तुम्ही लाथ खाली घ्या’ हे सर्वांसमोर कसे सांगावे?

पालकांचे “बेन, यलो बेल्ट क्यारे मळशे?” (ताई, यलो बेल्ट कधी मिळणार?) हे रोजचेच आहे, त्याचे मी निभावून नेते. वरील तीन गोष्टींबद्दल मात्र ज्यांनी प्रत्यक्ष वर्ग घेतले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, काताचे सांगतो, कारण त्यात मीही दोन वर्षे ठेचकाळलो आहे. मुलांकडे तोंड करून दाखवायचे असेल तर संपूर्ण काता उलटा, आरशातल्यासारखा करायला शिका. तोंडाने ‘डावीकडे’ म्हणायचे आणि स्वतः उजवीकडे वळायचे. पंधरा दिवस घरी सराव केल्याशिवाय ते जमत नाही, आणि तोवर वर्गात डावे-उजवे म्हणूच नका. ‘दाराकडे’, ‘खिडकीकडे’ म्हणा. वळणाचा उपाय याहून सोपा आहे. ज्यांना काता येतो अशी चार मुले निवडून वर्गाच्या चार कोपऱ्यांत उभी करा, म्हणजे कोणीही कुठेही वळला तरी त्याच्यासमोर बरोबर करणारा कोणीतरी असतो. आणि मुलांमध्ये हात पसरून दोन्हीकडे मोकळी राहील एवढी जागा हवीच. २४ जण एका वेळी मावत नसतील तर निम्म्यांना बसवून मोजायला लावा. इची, नी, सान (एक, दोन, तीन) मोठ्याने म्हणणारे मूल बघतही असते.

हेइआन कातांची मालिका मुळात ओकिनावातल्या इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांना सामुदायिकरीत्या शिकवता यावे म्हणून पिनान या नावाने बसवली, आणि पुढे फुनाकोशी गिचिन यांनी तिचे नाव बदलले. तेव्हा रांगेत उभ्या मुलांची ही अडचण तुमच्या एकटीची नाही, हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद २

एका फेरीत एकच दुरुस्ती, तीही सगळ्या वर्गाला मिळून. आज फक्त मागची टाच, बाकी चुका दिसल्या तरी गिळायच्या. मी सुरुवातीला तळहातावर पेनाने एक शब्द लिहून वर्गात जात असे. त्या मुलीने विचारलेला प्रश्न योग्यच होता, तिला तसे सांगा.

काकांना सर्वांसमोर काहीच सांगू नका. वर्गाआधी दहा मिनिटे बोलावून घ्या, गुडघ्याचा त्रास डॉक्टरांना दाखवला आहे का ते विचारा, आणि मावाशी-गेरीऐवजी कमरेच्या खालच्या उंचीची माए-गेरी (सरळ समोर मारायची लाथ) द्या, कारण तीत टेकलेल्या पायाला फिरावे लागत नाही. मूळ लाथ पुढे कधी घेतलीच, तर पाय आधी वळवून ठेवायचा आणि मग मारायची. मुलांना मात्र ताणाच्या व्यायामात पाठीवरून दाबू नका. आमच्या पिढीत ते सर्रास होते, आणि ते चुकीचे होते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. ‘दाराकडे, खिडकीकडे’ काल लगेच करून पाहिले आणि पहिल्या वळणाला २१ पैकी १८ मुले एकाच दिशेला गेली. कोपऱ्यातल्या चौघांपैकी एक स्वतःच २७० अंशांच्या वळणाला चुकला, तेव्हा आधी त्या चौघांना वेगळे बोलवावे लागेल. आरशातला काता मी स्वयंपाकघरात करून पाहते आहे. चौथ्या हालचालीला, जिथे पुढचा पाय मागे ओढून तेत्सुइ (मुठीच्या खालच्या बाजूने हातोड्यासारखा वार) मारायचा, तिथे अजून हात उलटा जातो. काकांशी बोलले. ते हसून म्हणाले, “तू सांगेपर्यंत मला वाटायचे, तुला दिसतच नाही.”

आता एकच विचारायचे राहिले : नवरात्रात सभागृह गरब्याला जाते आणि वर्ग नऊ दिवस बंद राहतो. त्या काळात मुलांना घरी करायला काय द्यावे, की काहीच देऊ नये?