मदत हवी आहे: सामाईक जागेत मुलांच्या खेळण्यावरून शेजाऱ्यांशी वाद

नमस्कार. आम्ही भाडेकरू असून आमची ६ आणि ९ वर्षांची मुले संध्याकाळी तासभर इमारतीच्या सामाईक अंगणात खेळतात. तळमजल्यावरील शेजाऱ्यांचा त्यास आक्षेप आहे. चेंडू भिंतीवर आपटण्याच्या आवाजाबद्दलची त्यांची तक्रार मला रास्त वाटली, म्हणून मुलांना आम्ही मऊ चेंडू दिला आणि खेळ त्यांच्या खिडकीपासून दूर नेला. परंतु आता त्यांचे म्हणणे असे आहे की, अंगण मालकीहक्काने राहणाऱ्यांसाठीच असल्यामुळे भाडेकरूंच्या मुलांनी तेथे खेळूच नये. विशेष म्हणजे, मालकीहक्काने राहणाऱ्यांची मुले त्याच वेळी त्याच अंगणात सायकली फिरवतात, तेव्हा कोणीही काही बोलत नाही.

आमच्या भाडेकरारात सामाईक जागेच्या वापराविषयी एकही ओळ नाही आणि खेळण्यास मनाई करणारा लेखी नियम आम्हाला कोणी दाखवलेला नाही. करारात उल्लेख नसताना घरासोबत मिळणाऱ्या सोयींमध्ये अंगणाचा वापर गृहीत धरला जातो का? ही बाब मी प्रथम घरमालकांना लेखी कळवावी, की शेजाऱ्यांशी बसून खेळाच्या वेळा ठरवाव्यात? घरमालकांना मध्ये घेतल्यास कटकट नको म्हणून ते कराराचे नूतनीकरणच टाळतील, अशी भीती वाटते. शेजारी मुलांना रागावल्याचे प्रसंग मी तारीखवार नोंदवून ठेवत आहे; चित्रीकरण मात्र मुद्दाम केलेले नाही, कारण त्याने वाद चिघळेल. ज्यांनी भाडेकरू म्हणून असा प्रश्न सोडवला आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.