लेकीच्या शेतावर अडीच महिने, नेदरलँड्सला. दिवसभर करायचं काय?

दिंडोरीकरीण:
द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकली. बाग आता हे आणि दीर बघतील, म्हणून लेक म्हणते यंदा येच. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर. जावई तिकडचेच, नॉर्डओस्टपोल्डर भागात बटाटा, कांदा, शुगरबीट अशी शेती. पण फोनवर तीच म्हणाली, "आई, उन्हाळ्यात आम्हाला डोकं वर काढायला फुरसत नसते, फिरवणं जमणार नाही." आपल्याकडे उन्हाळा म्हणजे पाहुणे आणि कुरडया. नाती सात आणि चार वर्षांच्या, मला त्यांची भाषा येत नाही. शेतावर कोणी राहून आलंय का? आंब्याची पेटी नेली तर चालते का? ह्यांना तिकडचं कांद्याचं बीही हवंय.

एक_नाशिकरोडकर:
मी नेदरलँड्समध्येच, एइंडहोवनला असतो. आंबा नको, काकू. ताज्या फळाला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, विमानतळावर काढून घेतात. तूप, पेढे, दुधाचं काहीच नको. मसाला, पापड, कुरडया न्या. व्हिसावर राहायला नव्वद दिवसांची मर्यादा आहे, येण्याजाण्याचे दिवसही त्यात धरतात.

लासलगावची_मावशी:
ताई, मी दोन उन्हाळे काढून आले, तेही त्याच पोल्डरात, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर. आमची लेक वाखनिंगेनला शेतीचं शिकायला गेली नि शेतकऱ्याचीच सून झाली.

आधी रात्र विसरा. जूनमध्ये सूर्य दहाला मावळतो आणि साडेपाचच्या आत पुन्हा वर. पहिले आठ दिवस मी साडेदहाला टक्क जागी. शेवटी सोबत नेलेली गोधडी खिडकीला चिमटे लावून टांगली, तेव्हा कुठे डोळा लागला. पोरं उजेडात गुमान झोपतात, त्यांचं काय सांगायचं.

जेवण संध्याकाळी सहाला म्हणजे सहालाच. दुपारी गार पाव आणि चीज. सकाळी नातू पावाला लोणी फासून वर चॉकलेटचा चुरा भुरभुरवतो. दहाला सगळे कॉफीला घरात येतात, डबा उघडतो, एकेक बिस्कीट, डबा बंद. पहिल्या दिवशी मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला तोवर झाकण लागलंसुद्धा! विहीणबाईंचा राग नाही, तिथली रीतच ती.

शाळेला सुट्टी सहाच आठवडे. वावराच्या कडेने पाण्याचे चर असतात, म्हणून पोहण्याचा दाखला मिळेपर्यंत पोरांना एकटं सोडत नाहीत. तुमच्या चार वर्षांच्या नातीवर लक्ष ठेवणं हेच तुमचं मोठं काम असेल. ती सगळी जमीन 1942 साली पाणी उपसून कोरडी केलेली, आजही समुद्राच्या पातळीखाली, पंप अजून चालूच. गवतातून आल्यावर पोरांचे पाय आणि काखा तपासा, गोचीड चिकटतात.

ट्युलिपची फुलं वसंतातच छाटलेली असतात, कंद जून-जुलैत निघतात. मोठी पोरं ते सोलून हातखर्चाचे पैसे कमावतात. मीही त्यांच्यात बसले. लसूण सोलायची सवय, हात भराभर चालायला लागले तशी पोरं बघायला लागली. पण कंदाने बोटं खाजतात, हातमोजे घाला.

आता कांदा. आपला उन्हाळ कांदा एप्रिलात निघतो, तेव्हा त्यांचा नुकता पेरलेला असतो. पेरलेलाच, रोपलावणी नाही, सगळं मशीनचं काम. ऑगस्टात पात लोळायला लागली, तेव्हा व्याही मला गाडीत घालून वावरात घेऊन गेले. त्यांना मराठी नाही, मला डच नाही. त्यांनी एक कांदा उपटला नि अंगठ्याने मान दाबली. मीही एक उपटून दाबला. ओली लागली, मी डोकं हलवलं, अजून नाही. ते हसले नि पाच बोटं दाखवली. पाच दिवसांनीच काढणी झाली.

त्यांची कांदा साठवायची चाळ म्हणजे भलंमोठं शेड. दोन पुरुष उंच ढीग, खालून वारा सोडतात, आधी गरम, मग हळूहळू गार. आमच्या चाळीतला कांदा पावसाळ्यात कसा पाझरतो ते मी तिथे बोलले नाही.

एक_नाशिकरोडकर:
मावशी, पर्यटक व्हिसावर कंद सोलायला बसू नये असं मी म्हणेन. नातवंडांजवळ बसून गप्पा मारणं वेगळं.

लासलगावची_मावशी:
अरे बाबा, मला कोण पैसे देतंय!

निफाडचा_शेतकरी:
दिंडोरीकरीण ताई, बियाणं आणू नका. विनादाखला चालत नाही, आणि उपयोगही नाही. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाल्याशिवाय तो कांदा पोसत नाही. आपल्या हिवाळ्यातल्या अकरा तासांत नुसती पात वाढेल.

दिंडोरीकरीण:
आंबे रद्द, बी रद्द. कुरडया, मसाला, हातमोजे आणि एक जाड गोधडी भरते. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, तिकडे कांद्याला भाव काय मिळतो? मावशी, सांगा बरं.