रोड बाइक घ्यायचीय: नाव बघू की पूर्ण संच?

नमस्कार मंडळी, पहिल्या रोड बाइकसाठी दोन सायकलींवर गाडी अडली आहे. किंमत जवळपास सारखीच. पहिलीची जाहिरात 'शिमानो १०५' (शिमानो कंपनीचा गिअर-ब्रेकचा एक संच) म्हणून, पण वाकून पाहिलं तर शिफ्टर (गिअर बदलायची कळ) आणि डिरेलर (चेन सरकवणारा भाग) तेवढेच १०५चे. क्रँक (पेडलचा दांडा), ब्रेक, चेन भलत्याच कंपन्यांचे, फोर्कही (पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग) अ‍ॅल्युमिनियमचा. दुसरीला सोरा (शिमानोचाच १०५च्या खालचा संच), म्हणजे मागे ९च गिअर, पण क्रँक-ब्रेकसकट सगळं सोराचंच आणि फोर्क कार्बनचा.

माझा कल दुसरीकडे. गिअर नंतर बदलता येतील, फ्रेम-फोर्क थोडेच बदलणार?

चाकांचं मात्र काही कळत नाही. हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) बेअरिंग बरे आहेत की नुसता स्टिकरचा थाट, हे उभ्या उभ्या कसं ओळखायचं? फिरवून बघितली, दोन्ही मस्त फिरतात! जाणकारांनो, सांगा ना.